भिंत नव्हे, वाट

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू होईपर्यंत सह्याद्रीच्या भिंतीने कोकण आणि देश एकमेकांपासून तोडलेले होते, हे सह्याद्रीवरच्या लेखातील विधान पटले नाही. मी ठाण्यात राहतो आणि मुरबाडमार्गे वैशाखऱ्याहून, कोकणातून जुन्नरकडे जाणारा नाणेघाट अनेकदा चढलो आहे. माथ्याजवळ कातळात फरसबंद केलेली वाट, सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख असलेली गुहा आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण पाहिल्यावर, ही वाट माल वाहण्यासाठीच बांधली होती याबद्दल शंका उरत नाही. शिवाय कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे उल्लेख कान्हेरीप्रमाणेच घाटावरच्या जुन्नरच्या लेण्यांतही कोरलेले आहेत.

आदिमानवाचा विषय लेखात एका ओळीत उरकला आहे, त्याचे अधिक वाईट वाटले. नाणेघाटाच्या परिसरातच उगम पावणाऱ्या कुकडी नदीच्या काठी, बोरी येथे, अश्मयुगीन हत्यारे ज्वालामुखीच्या राखेच्या थरासोबत सापडली. ती राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून कितीतरी जुनी, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ वाद झाला (आणि तो वाचण्यासारखा आहे). त्याला निदान एक परिच्छेद मिळायला हवा होता.