आमचं सवाई: फक्त द्रुत

पुण्यात सवाईच्या, म्हणजे डिसेंबरातल्या शास्त्रीय संगीत महोत्सवाच्या, आठवड्यात दुसरं काही ठरवू नये, असं सगळे एकमेकांना बजावतात आणि मग त्याच आठवड्यात सगळं ठरवतात. मार्गशीर्षातले मुहूर्त, केळवणं, सुट्टीवर आलेला अमेरिकेतला भाचा आणि ‘एकदा प्रत्यक्ष बसून बोलू’ म्हणणारं मुंबईचं गिऱ्हाईक, सगळ्यांना डिसेंबरचा मध्यच सोयीचा वाटतो. भीमसेन जोशींनी १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला, तेव्हा लोक मुक्कामालाच येत असावेत. आम्ही हजेरी लावतो.

यंदा मी भारतीय बैठकीचं सीझन तिकीट काढलं. खुर्ची घेतली असती तर पैसे गेले असते, बैठकीत गुडघे जातात. पुणेकर या नात्याने मी गुडघे निवडले.

बैठकीत जागा मिळवणं ही स्वतंत्र साधना आहे. एक आजी थर्मास घेऊन लवकर येतात आणि आठ माणसांची चादर अंथरतात. ‘इथे कोणी आहे का हो?’ असं विचारलं की त्या म्हणतात, ‘येतायत.’ हे ‘येतायत’ दुपारच्या भीमपलासपासून संध्याकाळच्या पूरिया धनाश्रीपर्यंत टिकतं. मधल्या वेळात आपण चादरीच्या काठावर एका मांडीवर बसायचं, आणि ती येणारी मंडळी मात्र बाहेर बटाटेवड्याच्या रांगेत उभी असतात.

बुधवारी ऑफिसातून मुकुंदनगरच्या मंडपात पोचलो, तेव्हा गायिकेचा तराणा शेवटच्या आवर्तनांत होता. मी मांडी घातली आणि टाळ्या पडल्या. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे वळले आणि कोणी गेल्याचं कळवावं अशा आवाजात म्हणाले, ‘विलंबित चुकलं तुमचं.’ विलंबित म्हणजे सुरुवातीचं संथ गाणं; माझ्या वाट्याला शेवटचं द्रुत, म्हणजे जलद, तेवढं आलं.

गुरुवारी मुंबई. डेक्कन क्वीनबद्दल माझी काही तक्रार नाही. १९३० पासून धावतेय, सकाळी ७.१५ ला सुटते आणि डायनिंग कारमधलं ऑम्लेट आलं की १९२ किलोमीटर जाणवत नाहीत. जाणवलं ते पुढे. ज्यांच्याशी प्रत्यक्ष बसून बोलायचं होतं, ते साहेब ठाण्याला घरी बसून पडद्यावर आले. मी पुण्याहून येऊन लोअर परळला त्या पडद्यासमोर बसलो आणि दोघांनी मिळून ‘आवाज येतोय का?’ हा विषय पुरेसा आळवला.

परतीची ५.१० ची गाडी मिळाली, स्टेशनवरून रिक्षाही मिळाली. स्वारगेटच्या अलीकडे मात्र रिक्षावाल्याने इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतली. मंडपात शिरलो तेव्हा दहाला थोडाच वेळ उरला होता. ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद, हा नियम आल्यापासून शेवटच्या कलाकाराचं एक लक्ष समेवर असतं आणि एक घड्याळावर. त्या दिवशीची माझी कमाई म्हणजे भैरवी. सकाळचा राग, रात्री पावणेदहाला, बुटाची नाडी सोडता सोडता.

शुक्रवारी बायकोच्या मावशीकडे कोथरूडला केळवण होतं. ‘दहाला संपतं ना तुमचं? मग आपण साडेदहाला पानं घेऊ,’ असं मावशींनीच सांगितलं होतं. सातला फोन आला, ‘अहो, नवरी मुलगी लवकर आलीय. तुम्हीही या कसे!’ समोर सतारीचा आलाप नुकताच मंद्र सप्तकातून वर येत होता. मी उठलो. आजींनी माझ्या जागेवर ताबडतोब थर्मास ठेवला.

कोथरूडला पानाभोवती रांगोळी, अळूची भाजी, मसालेभात, मठ्ठा, सगळं तयार होतं. फक्त जेवायचं नव्हतं, कारण फोटो चालू होते. तेवढ्यात काकांनी सवाईची जुनी जागा, रमणबाग, काढली. ‘आमच्या वेळी रात्रभर चालायचं. पहाटे शाल गुंडाळून ललत ऐकलाय मी! तुमचं हे दहाचं गाणं म्हणजे काय?’

‘ऐकलाय कसला?’ मावशी आतून म्हणाल्या. ‘सतरंजीवर घोरत होतात. पुढच्या रांगेतले लोक तबलजीकडे बघायचं सोडून मागे बघत होते.’

मग पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘रविवारी मंगलाष्टकं मी म्हणणार आहे. स्वतः रचलीयत.’ काकांनी मठ्ठ्याची वाटी जवळ ओढली.

शनिवारी भाच्याने कोरेगाव पार्कला एका बँडला नेलं. तिथे बसायची सोयच नव्हती, त्यामुळे गुडघ्यांनाही बदल मिळाला. पहिला अर्धा तास एक मुलगा ‘चेक, चेक’ एवढंच म्हणत होता. आमच्याकडे तानपुरे जुळवताना निदान सूर तरी लागतो. पण खरं सांगायचं तर ढोलकीच्या अंगाने ड्रम वाजवणारी त्यांची ती मुलगी मला फार आवडली. ‘विलंबित चुकलं’ म्हणणारंही कोणी नव्हतं.

रविवारी सवाई दुपारीच सुरू होतं, आणि लग्नाचा मुहूर्तही दुपारचाच, चिंचवडला. अंतरपाट धरला गेला आणि मावशींनी माईक हातात घेतला. शार्दूलविक्रीडित वृत्तात दोन्ही घराण्यांच्या चार पिढ्या, नवरीची पदवी, नवऱ्याची कंपनी आणि कोथरूडचा फ्लॅट असं सगळं त्यांनी बसवलं होतं. लय अतिविलंबित. इथे दहाचा नियम नाही, शेजारी थर्मास नाही आणि मी अगदी पुढे, हातात अक्षता, हलायची सोय नाही. आठवड्यातलं पहिल्या सुरापासून ऐकलेलं गाणं ते हेच. ‘सावधान’वर मावशी दर वेळी कुठून तरी येतच होत्या. भटजींनी अखेर घड्याळ पाहिलं, वाजंत्रीवाल्यांना खूण केली आणि कडव्याच्या मध्येच सनई-चौघडा सुरू झाला.

पंगतीत मावशी नेमक्या माझ्या शेजारी बसल्या. ‘कसं झालं?’

‘विलंबित फार छान,’ सवयीने माझ्या तोंडून गेलं.

‘हो ना! अजून दोन कडवी होती, भटजींनी घाई केली,’ असं म्हणून त्यांनी जिलबी बाजूला सारली, घसा खाकरला आणि मला ती दोन्ही ऐकवली. दुसरं आवडलं असं मी म्हणाल्यावर पुन्हा.