यंत्रमागाला मरताना गायला लावा

विज्ञानकथा लिहायला घेतलीये? मग विज्ञानाचं नंतर बघू, आधी गाणं ठरवा. जुनं आणि सगळ्यांच्या तोंडी असलेलं. यंत्राला मन असतं हे पटवायला चाळीस पानं कशाला जाळायची? मरताना दोन ओळी गुणगुणू द्या त्याला.

हा हुकमी इलाज 'डेझी बेल'चा. हॅरी डॅकरचं हे १८९२ चं गाणं. पोराला लग्नात बग्गी परवडत नाही, म्हणून तो पोरीला डबलसीट सायकल दाखवतो. (आपल्याकडं असल्या स्थळाला मुलीच्या मामानं चहासुद्धा विचारला नसता.) १९६१ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्समधल्या आयबीएमच्या संगणकानं ते गाऊन दाखवलं. पुढं विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्कनी ते तिथं ऐकलं, आणि १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या त्यांच्या सिनेमात हॅल नावाचा संगणक मरताना तेच गातो. एकेक मेमरी उपसली जाते तसा आवाज जड होत खाली बसतो. चौघांचा जीव घेतलेला हा खुनी, तरी प्रेक्षक हळहळतात! गाणं नसतं तर 'बरं झालं मेला' म्हणून उठले असते.

लांबचं भविष्य हवंय? 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेच्या २००५ च्या एका भागात पाच अब्ज वर्षांनी पृथ्वी जळताना ब्रिटनी स्पिअर्सचं 'टॉक्सिक' पारंपरिक गीत म्हणून लावतात. तुम्ही गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यावर वाजणारं कुठलंही घ्या, प्राचीन स्तोत्र म्हणून खपेल.

आणि कथा सोलापुरातच घडवा, लाजू नका. मागावर नक्षी उठवणाऱ्या जॅकार्ड यंत्राला लागणारे भोकांचे पुठ्ठे आधी मागावर आले, संगणकाची भोकांची कार्डं कितीतरी नंतर. म्हणजे हॅल आपल्या चादरीचा लांबचा भाचाच.

रात्रपाळी. लाइट जाते. धोटा मध्येच थांबतो, चादरीवरचा मोर मानेपर्यंतच विणलेला. माग गाऊ लागतो. लाइट गेल्यावर गातो कसा, असं विचारणाऱ्याला हाकला. विज्ञानाचं नंतर बघू, ठरलंय आपलं. अडचण वेगळीच आहे. हॅलनं शिकवणाऱ्याचं गाणं म्हटलं. आपल्या मागाला शिकवलं पद्मशाली विणकरानं, तेव्हा तो गाणार तेलुगूत. पुण्यातल्या वाचकासाठी खाली तळटीप टाका.

मोबाइलच्या उजेडात तुटलेला धागा शोधणारा विणकर मान वर न करता म्हणतो, "गप बे. लाइट आल्यावर म्हण."