सामना बघायला जायचंय? मग आधी नोकरी सोडा

आंतरराष्ट्रीय सामना मैदानात बसून बघायचाय म्हणता? टीव्हीवर नको, मैदानातच? हौसेला मोल नसतं म्हणतात. मोल असतं हो, तारीख नसते. तरीही हट्टच असेल तर चार सल्ले ऐकून घ्या. आमच्या घरात ताजं प्रकरण होऊन गेलंय, त्यामुळे अधिकारवाणीने बोलतोय.

पहिला सल्ला. परदेशातल्या नातेवाइकांचे फोन उचलू नका. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो. २०२५ च्या जुलैपासून त्याचं एकच टुमणं, "दादा, टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची आपली मॅच मुंबईत कधी आहे, तेवढं सांग." मला काय स्वप्न पडतं? मुलांच्या शाळेला फेब्रुवारीच्या मध्यावर आठवडाभर सुट्टी, विमानभाडं रोज चढतंय, म्हणून ऑगस्टमध्ये त्याने ९ फेब्रुवारीला मुंबईत उतरणारी चार तिकिटं काढून टाकली. एवढी लांबलचक स्पर्धा, वानखेडेवर एखादा सामना पदरात पडेलच, असा त्याचा हिशोब.

वेळापत्रक जाहीर झालं २५ नोव्हेंबरच्या संध्याकाळी. आम्ही इकडे चहा घेऊन टीव्हीपुढे, तो तिकडे ऑफिसला निघायच्या आधी व्हिडिओ कॉलवर. भाषणं झाली, रोहित शर्मा स्पर्धेचा अॅम्बॅसेडर असल्याचं कळलं, टाळ्या झाल्या आणि मग एकदाचा तो तक्ता आला. वानखेडेवर भारताचा साखळी सामना एकच, ७ फेब्रुवारीला. समोर कोण? अमेरिका! म्हणजे अमेरिकेचा संघ वेळेवर पोचणार आणि अमेरिकेतला भाऊ दोन दिवस उशिरा. पुढे भारत १२ ला दिल्लीत, १५ ला कोलंबोत, १८ ला अहमदाबादेत. भाऊ मुंबईत असताना वानखेडेवर सामने होते, पण आपला एकही नाही. १२ तारखेला तर नेपाळ विरुद्ध इटली. (नेपाळची पोरं जीव तोडून खेळतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण "इटलीपण क्रिकेट खेळते?" असं त्याच्या बायकोने विचारलं आणि कॉल कट झाला.) तारीख बदलायचे विमान कंपनीने जे पैसे सांगितले ते इथे लिहीत नाही. भारतात त्या स्पर्धेची तिकिटं शंभर रुपयांपासून होती म्हणे. फारच स्वस्ताई!

दुसरा सल्ला. साहेबांकडे रजेचा अर्ज सही करून, तारखेची जागा कोरी ठेवून द्या.

तिसरा सल्ला रेल्वेचा. २०२३ च्या वर्ल्ड कपला रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं आणि वेळापत्रक आलं २७ जूनला, स्पर्धेच्या बरोब्बर १०० दिवस आधी. म्हणजे सामना कधी आणि कुठे हे ठरायच्या आधीच गाडीला वेटिंग लागलेलं. आता रेल्वेनेच मुदत ६० दिवसांवर आणलीय, त्यामुळे दोघांचं बरं जमेल असं वाटत होतं. पण २०२५ ची चॅम्पियन्स ट्रॉफी १९ फेब्रुवारीला सुरू होणार आणि तिचं वेळापत्रक २४ डिसेंबरला. मोजा, ५७ दिवस. रेल्वेला इथेही हरवलंच.

चौथा सल्ला. वेळापत्रक आलं तरी त्यावर विश्वास ठेवू नका. त्याला कच्चा खर्डा समजा. २०२३ च्या २७ जूनला मोठा गाजावाजा करून जे जाहीर केलं, त्यातले नऊ सामने ९ ऑगस्टला हलवले. भारत-पाकिस्तान अहमदाबादेत १५ ऑक्टोबरला होता, तो १४ वर आणला. का? तर १५ तारखेला नवरात्र बसत होतं, शहरभर गरबा, मग बंदोबस्त कुठे कुठे पुरवायचा! अहो आयोजक, घटस्थापना काय जूनमध्ये अचानक ठरली? आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेल्या दिनदर्शिकेवर, दूधवाल्याच्या खाड्यांच्या फुल्या मारलेल्या असतात ना, त्याच कागदावर ती जानेवारीपासून छापलेली होती. गुजरातेत नवरात्रात गरबा असतो ही काय गुप्तचर खात्याने शोधून काढायची गोष्ट आहे? कोलकात्याचा इंग्लंड-पाकिस्तान सामना १२ नोव्हेंबरला, कालीपूजेच्या दिवशी. तोही हलवला. पुण्यात गहुंजेला ऑस्ट्रेलिया-बांगलादेश त्याच १२ तारखेला, म्हणजे लक्ष्मीपूजनाला! तो ११ वर नेला. पुण्यात लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कोण घर सोडून एक्सप्रेस-वेवर जाईल, हे विचारायला एक पुणेकर सापडला नाही तुम्हाला? पुणेकर तर न विचारता सांगतो! ज्यांनी पहिल्या तारखा बघून हॉटेलं भरली, त्यांचे पैसे गेले ते गेलेच. त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

असो. उपरोधिक लिहायचं ठरवलं होतं. पाचवा सल्ला.

आजारी पडा. अहमदाबादेतल्या हॉटेलांचे दर तेव्हा इतके भडकले की लोक रात्रीच्या मुक्कामासाठी इस्पितळात खाट आणि तपासणीचं पॅकेज विचारत होते, अशा बातम्या आल्या होत्या. सामन्याआधी रक्तदाब मोजून मिळतो, नाश्ताही मिळतो.

सहावा. दोन देशांचे व्हिसा काढून ठेवा. हे तुम्हालाच लागू आहे असं मनाला लावून घेऊ नका, खेळाडूंचीही तीच गत. २०२५ ची चॅम्पियन्स ट्रॉफी पाकिस्तानात होती, पण भारत तिथे न जाता दुबईत खेळला. उपांत्य सामना कुठे हे भारताच्या शेवटच्या साखळी सामन्यावर अडलं, म्हणून दक्षिण आफ्रिकेचा संघ पाकिस्तानातून दुबईला आला आणि दिवसभराच्या आत परत लाहोरला गेला. २०२६ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपलाही तेच ठरलं. पाकिस्तान भारतात येणार नव्हता, म्हणून तो पोचला तर अंतिम सामना कोलंबोत, नाही पोचला तर अहमदाबादेत. आपण काय, विमानतळावर पथारी पसरून बसायचं.

सातवा. ऑलिंपिकच्या बातम्या वाचू नका, उगाच त्रास होतो. लॉस एंजेलिसला क्रिकेट १२ जुलै २०२८ ला सुरू होणार हे त्यांनी २०२५ च्या जुलैतच सांगून टाकलं. फुटबॉलवाल्यांनी २०२६ च्या विश्वचषकाच्या तारखा आणि मैदानं २०२४ च्या फेब्रुवारीत ठरवली. आणि खुद्द क्रिकेटमध्ये? इंग्लंडच्या मंडळाने भारताच्या २०२५ च्या दौऱ्याच्या तारखा आदल्या ऑगस्टमध्येच दिल्या होत्या. येतं म्हणजे, करायचं असेल तर येतं.

आता सल्ले बास झाले. भारत आणि श्रीलंका २०२६ च्या स्पर्धेचे यजमान असतील हे १६ नोव्हेंबर २०२१ ला जाहीर झालं. चॅम्पियन्स ट्रॉफी पाकिस्तानात हेही त्याच दिवशी. भारत तिथे जाणार की नाही, हा वाद तेव्हा रांगतं पोरही सांगू शकलं असतं. आयोजक, चार वर्षं होती तुमच्या हातात. चार वर्षं! आणि एवढ्यानंतर स्पर्धेच्या ७४ दिवस आधी कागद हातात देता, वर त्याचा सोहळा करता? सरकारच्या परवानग्या, पोलीस, पाऊस, मान्य आहे सगळं. इतर देशांत पोलीस नसतात? इंग्लंडात पाऊस पडत नाही?

खरं कारण एवढंच की टीव्हीचे पैसे आधीच आलेले असतात, आणि स्टँडमधला माणूस तुमच्या हिशोबात नाही. ५ ऑक्टोबर २०२३ ला वर्ल्ड कपचा पहिला सामना जगातल्या सगळ्यात मोठ्या क्रिकेट मैदानात झाला तेव्हा ओळीच्या ओळी रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर दिसत होत्या. लाज वाटायला हवी होती. तुम्ही कॅमेरा फिरवलात. कोल्हापूरहून, जळगावहून, बेळगावहून पोरं रात्रभर एसटीत बसून येतात, वर्षभराची साठवलेली रजा एका सामन्यावर उधळतात, त्यांना चार महिने आधी तारीख सांगणं ही मेहरबानी नाही, ते तुमचं काम आहे. तेवढंही जमत नसेल तर यजमानपदासाठी धावता कशाला?

२०२९ ची चॅम्पियन्स ट्रॉफी भारतात आहे. हेही २०२१ पासून माहीत आहे. पाकिस्तान इथे येणार की नाही, हा वाद होणार हेही माहीत आहे. त्या वर्षीची दिवाळी कधी, ते पंचांगवाल्याला आजच विचारा. आणि बसा लिहायला.