अंडरक्विल्ट ताणून ऊब वाढत नाही

थंडी पडू लागली की हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगलेल्या कापडी झोळीत, झोपणाऱ्या ट्रेकर मंडळींत एक सल्ला हमखास फिरू लागतो. तो साधारण असा: अंडरक्विल्टचं इलॅस्टिक जितकं ताणाल तितकी ऊब मिळेल, दोन्ही टोकांच्या नाड्या पूर्ण आवळून टाका, घरी एकदा नीट बसवली की पुन्हा हात लावायची गरज नाही, आणि एवढं करूनही गारठलात तर क्विल्ट पातळ आहे, जाड घ्या. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण या सल्ल्यापायी माणसं रात्रभर कुडकुडतात आणि परत आल्यावर न लागणाऱ्या सामानावर हजारो रुपये घालतात. त्यामुळे त्याचा एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

ज्यांनी ही वस्तू वापरलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अंडरक्विल्ट म्हणजे हॅमॉकच्या बाहेरून, खालच्या अंगाने टांगलेली, बहुधा पिसं भरलेली रजई. आत स्लीपिंग बॅग असतेच, पण तिचा पाठीखालचा भाग अंगाच्या वजनाने चेपतो आणि खालून वारा मोकळा फिरत असतो. म्हणून पाठीची रजई बाहेर. तिच्या लांब बाजूंच्या इलॅस्टिक दोऱ्या हॅमॉकच्या दोन्ही टोकांना अडकवतात. डोक्याकडच्या आणि पायांकडच्या कडांत वेगळ्या नाड्या ओवलेल्या असतात. त्या ओढल्या की टोकं आवळली जातात.

आता पहिला मुद्दा, ताणण्याचा. सगळा घोटाळा इथून सुरू होतो. ऊब पिसांतून येत नाही, पिसांमध्ये अडकून राहिलेल्या हवेतून येते. जुनी, दडपलेली गादी पिंजून घेतली की तोच कापूस पुन्हा उबदार लागतो, ते याचमुळे. इलॅस्टिक गच्च ओढलं की क्विल्ट हॅमॉकच्या कापडावर दाबली जाते आणि नेमकी पाठीखाली, कंबरेखाली चपटी होते. स्लीपिंग बॅगचा जो दोष टाळायला ती बाहेर टांगली, तोच दोष आपण हाताने परत आणतो. चांगल्या क्विल्टचं बाहेरचं कापड आतल्या कापडापेक्षा मुद्दाम मोठं कापलेलं असतं, म्हणजे अंगाभोवती वळतानाही पिसांना फुगायला जागा राहते. जास्त ताणाने ती जागा संपते. शिवाय आपलं अंग हॅमॉकमध्ये कमानीसारखं लोंबतं, तर ताणलेली दोरी सरळ रेषेत जाऊ बघते. त्या ओढाताणीत बाजूच्या कडा आत खेचल्या जातात आणि खांदा उघडा पडतो.

सैल सोडणंही बरोबर नाही. क्विल्ट आणि हॅमॉक यांच्यामध्ये पोकळी राहिली तर तिथली गरम झालेली हवा थोड्याशा हालचालीने बाहेर जाते आणि तिच्या जागी गार हवा येते. म्हणजे हवी ती स्थिती या दोन्हींच्या मधली: क्विल्टने हॅमॉकच्या कापडाला सगळीकडे नुसतं टेकावं, दाबू नये. ही स्थिती झोपूनच सापडते, उभं राहून सापडत नाही.

जोडीदार बरोबर असेल तर काम सोपं आहे. आधी सगळं सैल सोडून, रोज झोपता तसं तिरकं झोपायचं. जोडीदाराने पाठीखाली, हॅमॉक आणि क्विल्टच्या मधून तळहात सरकवून बघायचा. हात मोकळा फिरत असेल तर दोन्ही बाजूंचं इलॅस्टिक सारखंच, दोन-तीन सेंटिमीटर कमी करायचं आणि पुन्हा हात घालायचा. तळहाताला दोन्हीकडून कापड लागतंय पण हात अडकत नाही, इथे थांबायचं. मग बाहेरून क्विल्टची जाडी चिमटीत धरून बघायची. कंबरेखालची जाडी कडेच्या मोकळ्या भागापेक्षा स्पष्ट कमी लागली तर ताण जास्त झाला, थोडा सोडा. एकटे असाल तर आत झोपून हात बाहेर काढा आणि क्विल्ट खालून हलकेच पाठीकडे उचला. उचलल्यावर एकदम ऊब जाणवली तर तिथे पोकळी होती. काहीच फरक पडला नाही तर ती आधीपासून टेकलेली आहे. ही तपासणी घाईत करू नये, कारण आत शिरल्या शिरल्या सगळंच बरं वाटतं. गारवा नंतर चढतो.

टोकांच्या नाड्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. टोकाची फट बंद होईपर्यंत ओढायच्या, त्यापुढे नाही. जास्त आवळल्या की कापडाला कडक चुण्या पडतात आणि त्या चुण्यांतूनच वारा शिरतो. खांद्याकडच्या टोकाची फट सगळ्यात वाईट, म्हणून ती आधी बघा. आखूड क्विल्ट वापरणाऱ्यांनी ती खांद्यापासून पोटरीपर्यंत आणावी आणि पावलांखाली कॅरीमॅटचा तुकडा ठेवावा. पाय झाकायला क्विल्ट खाली ओढली की खांदे उघडे पडतात.

"घरी एकदा बसवली की झालं" या वाक्यात अर्धं तथ्य आहे, पण ते एका अटीवर. क्विल्ट कुठे टेकणार हे हॅमॉकचा झोल ठरवतो. तो झोल दरवेळी तोच राहिला तरच घरचं माप जंगलात चालेल. दोन झाडांमधलं अंतर बदललं, हॅमॉक झाडांना बांधायचे पट्टे वर-खाली झाले की झोल बदलतो. पट्टा आडव्या रेषेशी साधारण ३० अंशांचा कोन करील असा बांधावा. त्या कोनात ७० किलोच्या माणसाचा प्रत्येक पट्ट्यावर ७० किलोच भार येतो. हौसेने ताठ ओढून कोन १५ अंशांवर आणला तर तोच भार १३५ किलोंच्या आसपास जातो, हॅमॉक पन्हळीसारखा होतो, खांदे दाबले जातात आणि त्याखाली कुठलीही क्विल्ट नीट बसत नाही. यावर उपाय म्हणजे हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये कायमची रिजलाइन, म्हणजे ठरलेल्या लांबीची दोरी, हॅमॉकच्या लांबीच्या सुमारे ८३ टक्के. ३३५ सेंटिमीटरच्या हॅमॉकला ती २७८ सेंटिमीटर भरते. ती असली की झोल बराचसा ठरलेला राहतो. पायांकडचा पट्टा डोक्याकडच्यापेक्षा थोडा उंच बांधला की झोपेत घसरायला होत नाही, आणि माणूस घसरला नाही की क्विल्ट त्याच्याखालीच राहते.

तरीही माणूस बदलला की माप बदलतं. ५५ किलोच्या मैत्रिणीसाठी जुळवलेलं इलॅस्टिक ८५ किलोच्या मित्राखाली चेपून जाईल. आणि इलॅस्टिक कायम तसंच राहत नाही; काही हंगामांनी त्याचा जीव जातो. क्विल्ट "पूर्वीसारखी गरम राहिली नाही" असं वाटलं तर आधी दोरी बदलून बघा. पिसांच्या तुलनेत दोरीचा खर्च काहीच नाही.

राहिला "जाड घ्या" हा मुद्दा. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच, कारण त्याची झळ नव्याने ट्रेक करणाऱ्या, बेताच्या पैशांत सामान जमवणाऱ्या मुलांना बसते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठतं हे खरं, पण सह्याद्रीतल्या बहुतेक हिवाळी रात्री शून्याच्या बऱ्याच वर असतात. तिथे साध्या क्विल्टमध्ये गारठणाऱ्याला बहुधा जाडी कमी पडत नसते. गारवा कुठे लागतोय यावरून कारण कळतं. खांद्याजवळ गार पट्टा जाणवतो, तेव्हा टोकाची फट. एकच कुशी गारठते, तेव्हा तिरकं झोपल्यामुळे क्विल्ट एका बाजूला सरकलेली; ती सरकवून मध्ये आणा. गुडघ्यांखाली गार लागतं, तेव्हा तिथे पोकळी. क्विल्ट किंचित पायांकडे न्या, पण खांदे झाकलेले राहतील इतकीच. आणि खिंडीत, धारेवर क्विल्ट सारखी हलत असेल तर दोष वाऱ्याचा. तेव्हा वाऱ्याकडच्या बाजूचा टार्प, म्हणजे हॅमॉकवर छपरासारखं ताणलेलं कापड, जमिनीपर्यंत खाली आणा, नाहीतर जागा बदलून आडोशाला या. डाउन, म्हणजे आतली पिसं, ओलसर झाली असेल तर ती फुगत नाही. दमट हवेत रात्र काढून आल्यावर ती उन्हात पसरून सुकवणं हेही ऊब राखण्याचंच काम आहे.

हे सगळं करून झालं, क्विल्ट सगळीकडे टेकलेली आहे, फुगलेली आहे, वारा अडवलेला आहे, जेवणही पोटभर झालंय, आणि तरी पाठ एकसारखी, सगळीकडून गार पडते आहे, तर मात्र क्विल्ट त्या रात्रीसाठी खरंच कमी पडते आहे. त्या रात्रीपुरती क्विल्ट आणि हॅमॉकच्या मध्ये पातळ फोम किंवा गाडीच्या काचेला लावतात ती चकचकीत शीट सरकवा. तेवढी जाडी वाढली की इलॅस्टिक थोडं सैल करा.