कॉम्प्युटर बंद पडला की एसएमपीएसच गेला, असं नसतं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एसएमपीएसबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याबद्दल, सध्या एक मेसेज फार फिरतोय. सोसायटीतले क्लार्क, लग्नपत्रिका करणारे डीटीपीवाले, कॉलेजची पोरं, सगळ्यांनी तो मला पाठवून झालाय. मेसेज थोडक्यात असा: "कॉम्प्युटर अचानक बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो? सीपीयूला हात लावला की झिणझिण्या येतात? समजा, एसएमपीएस गेला. खात्री करायची तर हिरवी आणि काळी वायर जोडा. पंखा फिरला तर चांगला, नाही फिरला तर खराब. आपल्या भागात लाईटचा त्रास, म्हणून चांगला असला तरी दर ३ वर्षांनी बदलाच. जास्त वॅटचा घेतला तर बिल वाढतं. कुठलाही एसएमपीएस कुठल्याही कॉम्प्युटरला बसतो."

मी बेळगावच्या शहापुरात कॉम्प्युटर रिपेअरिंग करतो. हा मेसेज वाचलेली माणसं "एसएमपीएस गेलाय, बदलून टाका की" असं सांगतच मशीन टेबलावर ठेवतात. मेसेज खोटा आहे एवढ्यावर भागत नाही. त्याच्या नादाने कंपनीचा चांगला एसएमपीएस निघतो, त्या जागी सात-आठशेचा लोकल बसतो आणि मूळ दोष जिथल्या तिथे राहतो. पैसे जातात ते महिन्याचं गणित जुळवून कॉम्प्युटर घेतलेल्या घरांचे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"अचानक बंद पडतो म्हणजे एसएमपीएस गेला."

मशीन बंद पडण्याची कारणं बरीच आहेत, आणि ते कधी व कसं बंद पडतं यातच निम्मं उत्तर असतं. सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, काम जड असताना, आणि उन्हाळ्यात जास्त वेळा बंद पडत असेल, तर आधी प्रोसेसरचा पंखा बघा. वडगाव, खासबागला मागाशेजारी ठेवलेल्या मशीनच्या हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर, सुताच्या कोंड्याचा थरच बसलेला असतो. उद्यमबागेतल्या फौंड्रीच्या ऑफिसात काळी धूळ असते. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळून गेलेली असते. प्रोसेसर ठरावीक तापमानाच्या वर गेला की स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो. अशा मशीनला नवा एसएमपीएस घातला तरी ते तसंच बंद पडणार. ब्रश, ब्लोअर आणि थोडी पेस्ट एवढ्यात ते काम होतं.

बंद पडण्याआधी निळी स्क्रीन येते, तिच्यावर काही मजकूर दिसतो, तर संशय रॅम, ड्रायव्हर किंवा डिस्कवर जास्त जातो. एसएमपीएस दगा देतो तेव्हा मजकूर दाखवायला सहसा वेळच मिळत नाही, स्क्रीन एकदम काळी होते. बटण दाबल्यावर क्षणभर पंखा हलून थांबत असेल तर कुठेतरी शॉर्ट असू शकतो. डिस्क, डीव्हीडी, ग्राफिक्स कार्ड, पुढचे यूएसबी, एकेक काढून बघावं लागतं. तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर बोर्डावरचा ३ व्होल्टचा गोल सेल संपलाय. त्याचा एसएमपीएसशी संबंध नाही.

काही जण विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधला (मशीनच्या घडामोडींची नोंदवही) "कर्नेल-पॉवर ४१" चा फोटो पुरावा म्हणून दाखवतात. त्यात ‘पॉवर’ शब्द आहे म्हणून लोक फसतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद न होता मशीन पुन्हा सुरू झालं. लाईट गेली, बटण दाबून धरलं, रॅममुळे मशीन अडकलं, तरी हीच नोंद पडते.

खरोखर एसएमपीएसकडे बोट दाखवणाऱ्या खुणाही आहेत, आणि त्या मेसेजमध्ये एकही नाही. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात सकाळी गारठा असतो, तेव्हा पहिल्या दोन-तीन वेळा बटण दाबून मशीन उठत नाही आणि एकदा तापलं की दिवसभर चालतं. ही एसएमपीएसमधल्या म्हाताऱ्या कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागाची, खूण. जळका वास, चर्रर्र आवाज, मागच्या जाळीतून दिसणारे फुगलेले कपॅसिटर, ही दुसरी. अशा वेळी चाचण्या करत बसू नका, प्लग काढा आणि बदला.

तिसरी खूण आपल्याकडे फार दिसते आणि तिथेच सर्वांत जास्त चुकीचं निदान होतं: यूपीएस असूनही लाईट जाताच मशीन रीस्टार्ट होतं. यात आरोपी दोन. साधा यूपीएस बॅटरीवर जायला काही मिलीसेकंद घेतो, बहुतेक ४ ते १० च्या आसपास. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या मोठ्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर बोर्ड चालवायचा असतो. पूर्ण लोडवर १६-१७ मिलीसेकंद तग धरावी अशी एटीएक्सची, म्हणजे एसएमपीएसच्या ठरलेल्या मापदंडाची, जुनी अपेक्षा आहे. कपॅसिटर सुकला की हा वेळ घटतो. पण यूपीएसची बॅटरीच मेली असेल तरी बाहेरून अगदी हेच दिसतं. म्हणून आधी यूपीएसला कॉम्प्युटरऐवजी ६० किंवा १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा आणि यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करा. बल्ब लगेच विझला तर बॅटरी बदला, एसएमपीएसला हात लावू नका. बल्ब पाच-दहा मिनिटं जळत राहिला आणि तरीही त्याच यूपीएसवर कॉम्प्युटर लगेच रीस्टार्ट होत असेल, तर संशय एसएमपीएसवर. यात एक गुंता आहे. ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून करंट एकसारख्या लहरीत ओढणारं सर्किट) असलेले काही नवे एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या लहरीवर नीट चालत नाहीत. जुना एसएमपीएस असताना ठीक होतं आणि नवा घातल्यावर हा त्रास सुरू झाला, तर नवा पीस खराब म्हणून भांडण्याआधी दुसरा यूपीएस लावून बघा.

"पंखा फिरला तर चांगला, नाही फिरला तर खराब."

हे दोन्ही बाजूंनी चूक आहे. हिरवी वायर काळ्या वायरला जोडली की एसएमपीएसला ‘सुरू हो’ असा इशारा जातो, बस. त्या वेळी त्याच्यावर लोड जवळजवळ शून्य असतो. १२ व्होल्टची लाईन लोडवर १० पर्यंत कोसळणारा एसएमपीएससुद्धा रिकामा असताना पंखा मजेत फिरवतो. उलट, कमी लोडवर पंखा मुद्दाम थांबवून ठेवणारी मॉडेलं आता बाजारात आहेत. त्यांचा पंखा या चाचणीत हलणारच नाही आणि मेसेज वाचलेला माणूस धडधाकट एसएमपीएस भंगारात देईल.

मल्टिमीटर असेल तर मशीन चालू ठेवून, काम सुरू असताना मोजा. पिवळी-काळी १२ व्होल्ट, लाल-काळी ५, नारिंगी-काळी ३.३. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५. याबाहेर आकडा गेला तर बदलायला सबळ कारण मिळालं. आकडा मर्यादेत असला तरी पूर्ण निर्दोष ठरत नाही, कारण डीसीवर बसलेली बारीक थरथर मल्टिमीटरला दिसत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. तो आमच्यासारख्यांच्या दुकानात सहसा नसतो. म्हणून माझ्या मते सर्वांत भरवशाची चाचणी जुनीच आहे: खात्रीचा दुसरा एसएमपीएस दोन-तीन दिवस लावून ठेवायचा. दोष गेला तर तोच दोषी, राहिला तर पुढे शोधा. ज्याच्याकडे दुरुस्तीला देता त्याला हे करायला सांगा. ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी कोणीही करेल.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका. २३० व्होल्ट एसीचे आत ३२५ व्होल्ट डीसी होतात, पीएफसीवाल्यात त्याहून जास्त, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ कपॅसिटरमध्ये राहतात.

"हात लावला की झिणझिण्या येतात, एसएमपीएस लीक आहे."

हा मुद्दा मला सर्वांत काळजीचा वाटतो, कारण इथे चुकीच्या उत्तराने माणसाच्या जिवाला धोका राहतो. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात, इलेक्ट्रिकल गोंगाट अर्थमध्ये घालवण्यासाठी. अर्थिंग असेल तर तो बारीक करंट गुपचूप जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण निम्मं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, व्होल्टेज तरंगत राहतं आणि बोटाला झिणझिण्या येतात. हा एसएमपीएसचा दोष नाही. नवा कोरा बसवा, तसंच होईल.

आपल्या जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण वरच्या मोठ्या भोकाला आत वायरच नसते. जिथे अर्थिंगचा खड्डा आहे तिथेही बेळगाव-खानापूरच्या तांबड्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये तो कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. वायरमनला बोलावून तपासून घ्या, खड्ड्यात पाणी घाला, दोन पिनच्या जोडण्या काढून टाका. आज नुसत्या झिणझिण्या आहेत. उद्या आत खरंच फेज बॉडीला लागला, तर अर्थिंगशिवाय फ्यूज उडणार नाही आणि पत्रा जिवंत राहील.

"दर ३ वर्षांनी बदलाच."

चांगल्या कंपन्या एसएमपीएसवर ५, ७, काही मॉडेलवर १० वर्षांची वॉरंटी देतात. मग ३ वर्षांचा आकडा कुठून आला? माझा अंदाज, स्वस्त मालाच्या अनुभवातून. हिशेब करून बघा. कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी उतरलं की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ठोकताळा आहे. १०५ अंशांवर २,००० तास टिकेल असा कपॅसिटर ६५ अंशांवर चालला तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. रोज ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर १३ वर्षं. तोच कपॅसिटर ८५ अंशांवर २,००० तासांचा असला तर दोनदाच दुप्पट, ८,००० तास, म्हणजे सव्वातीन वर्षं. स्वस्त डब्यात कुठले कपॅसिटर घालतात ते सांगायला नको. त्यामुळे कॅलेंडर बघून चांगला एसएमपीएस काढणं आणि सात-आठशेचा घालणं हा उफराटा व्यवहार आहे. तुमच्याकडचा जुना माल कुठला आणि कुठल्या उष्णतेत चालला, हे आधी बघा.

राहिला लाईटचा त्रास. ज्या एसएमपीएसच्या लेबलवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, ते पंप सुरू झाल्यावर उतरलेल्या व्होल्टेजलाही सहसा दाद देत नाहीत. वळवाच्या पावसात वीज पडली किंवा खांबावर न्यूट्रल सुटून व्होल्टेज चढलं, तर कालचा नवाही जळतो. त्यावर उपाय आहे ढग गडगडायला लागले की प्लग काढणं, आणि सोबत इंटरनेटची तांब्याची केबलही काढणं. ती बऱ्याच जणांकडून राहते.

"जास्त वॅटचा घेतला तर बिल वाढतं."

नाही. ७५० वॅट ही क्षमता आहे. मशीनला १५० लागत असतील तर एसएमपीएस १५० देतो आणि भिंतीतून त्याहून थोडे जास्त घेतो. किती जास्त, ते कार्यक्षमतेवर ठरतं. ८० टक्क्यांचा असेल तर साधारण १८८ वॅट ओढेल, ९० टक्क्यांचा १६७. रोज ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस वापर धरला तर वर्षाला ५० युनिटचा फरक पडतो. युनिट ७ रुपये धरलं तर ३५० रुपये. निव्वळ बिलासाठी चालू एसएमपीएस बदलू नये, पण बदलायचाच असेल तर ८० प्लसचा, म्हणजे चांगल्या कार्यक्षमतेचा, शिक्का बघून घ्यावा.

टायपिंग, टॅली, डीटीपीच्या मशीनला ग्राफिक्स कार्ड नसताना १०० वॅटच्या आसपास लागतात. त्याला ७५० वॅट नकोत, खरे ४०० पुष्कळ झाले. ‘खरे’ म्हणतोय ते लेबलवरच्या १२ व्होल्टपुढचे अँपिअर बघून. डब्यावर ४५० वॅट आणि १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर असेल, तर तिथे १९२ वॅटच आहेत. मुलाने गेमसाठी ग्राफिक्स कार्ड आणलं की मात्र एसएमपीएस बदलण्याचं रास्त कारण मिळतं. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटच मिळतात. वर ८ पिनची जोडणी मागणारं कार्ड तिथून आणखी १५० पर्यंत घेऊ शकतं. ते ओझं जुन्या लोकल डब्यावर टाकू नका.

"कुठलाही कुठल्याही कॉम्प्युटरला बसतो."

आपल्याकडे सोसायट्यांत आणि क्लासेसमध्ये डेल, एचपी, लेनोव्होचे ऑफिसातून निघालेले जुने डेस्कटॉप पुष्कळ आहेत. त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांना २४ पिनची नेहमीची जोडणी नसते. कुणाला ६, कुणाला ८, कुणाला १४ पिन असतात, आणि डब्याचा आकारही वेगळा. त्यांना त्याच मॉडेलचा शोधावा लागतो. मॉडेल नंबरचा आणि पिनांचा फोटो घेऊनच दुकानात जा, मग ते बेळगावातलं असो की कोल्हापुरातलं.

वायरी सुट्या करता येणारा नवा मॉड्युलर एसएमपीएस घेतलात तर जुन्याच्या वायरी त्याला लावू नका. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची जुळणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. भोकात बसते म्हणून लावलेली वायर ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पाठवते आणि हार्डडिस्क क्षणात जळते, आतल्या हिशेबासकट. जुना एसएमपीएस काढला की त्याच्या वायरी त्यालाच बांधून ठेवा.