पोटशूळ झालेल्या घोड्याबद्दलचा मेसेज चुकीचा आहे

‘घोड्याला पोटशूळ झाला तर तोंडाने तेल पाजा, न थांबता फिरवत राहा. ऑपरेशन केलं तर घोडा कायमचा बाद’ असा मेसेज फिरतोय. मीही तो पुढे पाठवला होता, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. नंतर आमच्या सरावातल्या घोडीवरच ही वेळ आली, तेव्हा डॉक्टरांनी सगळं समजावलं.

तोंडातून ओतलेलं तेल फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. द्यायचंच असेल तर डॉक्टर नाकातून जठरात नळी घालून देतात. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे तुंबलेलं जठर फुटण्याची भीती असते आणि तीच नळी ते रिकामंही करते. लोळू नये म्हणून थोडं फिरवणं ठीक, पण दमेपर्यंत नको.

नाडी मोजा. आरामात असताना ती मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. ६० च्या वर टिकून राहिली तर प्रकरण गंभीर समजा. आतड्याला पीळ पडून रक्तपुरवठा तुटला असेल तर हातात मोजकेच तास असतात.

ऑपरेशननंतर अनेक घोडे काही महिन्यांच्या विश्रांतीने पुन्हा सरावाला लागतात. सगळेच नाही, हेही खरं. कधी शांतपणे निरोप देणंच दयेचं ठरतं. पण तो निर्णय तपासणीनंतर घ्यायचा असतो, मेसेज वाचून नाही.

कृपया तो मेसेज थांबवा. ज्यांना पाठवलात त्यांना हा खुलासा पाठवा.