शिसे, दाढ आणि क्लिअरन्स फिट

गेल्या रविवारी मुळशी रस्त्यावरच्या एका खासगी तळ्याच्या काठी, रीतसर तिकीट काढून गळ टाकायला बसलो असताना, ०.८ ग्रॅम वजनाच्या शिशाच्या गोळीने माझ्या डाव्या दाढेतले सिमेंट उपटून काढले. सोमवारी दंतवैद्यांनी ‘काय चावत होता?’ असे विचारले तेव्हा मी ‘शिसे’ असे खरे उत्तर दिले, आणि त्यांनी माझ्याकडे न पाहता मदतनीस मुलीकडे पाहिले. ते पाहणे मला अजून सलते आहे.

वास्तविक चूक माझी एकट्याची नाही. गळाच्या दोरीवर दोनच वस्तू बसवायच्या असतात: आमिष खाली नेणारे वजन, आणि पाण्यावर तरंगून मासा लागल्याची वर्दी देणारा फ्लोट. पण पाव मिलिमीटर जाडीच्या, गुळगुळीत, ओल्या तंगूसवर, म्हणजे नायलॉनच्या दोरीवर, त्या अशा बसल्या पाहिजेत की आपल्याला हव्या तेव्हा सरकाव्यात आणि आपण गळ भिरकावला की जागच्या हलू नयेत. एवढ्या एका मागणीपायी माणसाने किती डोके चालवले आहे, ते माझ्या डब्यात पाहावे. त्यात चिरलेल्या शिशाच्या गोळ्या आहेत, ज्यांच्या चिरेत दोरी घालून त्या दाबायच्या असतात. पोटात रबराची पट्टी असलेली वजने आहेत. पट्टीची दोन्ही टोके उलट दिशांना पिळली की दोरी आत आवळली जाते. बटण दाबल्यावर पोटातून इवलासा आकडा बाहेर काढणारा लाल-पांढरा प्लास्टिकचा चेंडू आहे. त्याची स्प्रिंग दुसऱ्याच दिवशी गंजली. फ्लोट दोरीवर धरून ठेवायच्या, सिलिकॉनच्या बोटभर लांबीच्या नळ्या आहेत, चार नगांचे दोनशे चाळीस रुपये. या दरात तुळशीबागेत बांगड्यांचा जोड येतो आणि वर दुकानदार हसून बोलतो.

चिरलेली गोळी मऊ शिशाची असावी, म्हणजे ती नखानेही मिटते. स्वस्तातली गोळी कडक निघते. ती एक तर मिटत नाही, किंवा मिटताना दोरी कापते. पक्कड घरी विसरली होती, म्हणून मी दाढेचा आधार घेतला.

‘‘शिसं तोंडात घालताय?’’

मागे एक काका उभे होते. कुटुंबासह पिठलं-भाकरी खायला आले होते आणि भाकरी व्हायला वेळ होता. कमरेला चामड्याचे पाकीट, शर्टाच्या खिशात दोन पेनं.

‘‘दोन हजार साली पेट्रोलमधून शिसं काढलं हो देशाने. तुम्ही दातांनी चावताय?’’

इंग्लंडात शिशाच्या अशा गोळ्या गिळून राजहंस मरू लागले, तेव्हा १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजने गळाला लावण्यावर बंदी आली, ही माहिती मला होती. परंतु दाढेतले सिमेंट जिभेवर असताना ती सांगण्यात शोभा नव्हती. काकांनी तोवर माझा फ्लोट उचलला होता. मोराच्या पिसाच्या देठाचा, मी स्वतः घासून रंगवलेला. त्यांनी तो सिलिकॉनच्या नळीतून वर-खाली सरकवला, आणि पाकिटातून बारीक मापे घेण्याचा व्हर्निअर कॅलिपर काढला. रविवारी सकाळी, पिठलं-भाकरीला निघालेला गृहस्थ व्हर्निअर घेऊन निघतो, हे मी पुण्यात राहत असूनही धरून चाललो नव्हतो.

‘‘टूलरूममध्ये चौतीस वर्षं होतो,’’ ते म्हणाले. ‘‘देठ तीन पूर्णांक दोन. नळीचं भोक साडेतीन. तुम्ही इथे क्लिअरन्स फिट दिलाय. सरकणारच. इथे हवा इंटरफिअरन्स फिट. भोक देठापेक्षा लहान पाहिजे.’’

‘‘कंपनीनेच तशी दिली आहे,’’ मी म्हणालो.

‘‘मग रिजेक्ट का नाही केलीत?’’

या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्यांनी पाकिटातून काळ्या रबराची वीतभर नळी काढली. ती सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब होती. सायकल विकून अकरा वर्षे झाली, पण उरलेली ट्यूब टाकवली नाही, असे त्यांनी सांगितले. तिचे तीन मिलिमीटरचे दोन काप काढून, थुंकी लावून, त्यांनी ते देठाच्या वरच्या व खालच्या टोकाला दोरीसकट चढवले. फ्लोट जागचा हलेना. ही युक्ती गळवाले जुन्या काळापासून वापरत आले आहेत आणि मी ती विसरून दोनशे चाळीस रुपये मोजले होते, म्हणून मला काकांचा मनापासून राग आला.

‘‘अहो, भाकरी गार होतेय!’’ काकूंनी हाक मारली.

‘‘ट्रायल बाकी आहे!’’ काका ओरडले.

ट्रायल झाली. तळे नऊ फूट खोल, माझी काठी सात फुटांची. फ्लोट गळापासून नऊ फुटांवर घट्ट बसवला, तर दोरी गुंडाळताना तो काठीच्या टोकाच्या कडीत अडकतो आणि गळ काठीच्या लांबीपेक्षाही दोन फूट खाली लोंबकळत राहतो; मग भिरकावणार काय? अशा खोल पाण्यात फ्लोट दोरीवर मोकळा सरकता ठेवतात, आणि नऊ फुटांवर दोऱ्याची एक बारीक गाठ मारून तिच्या खाली मणी ओवतात. गाठ कडीतून जाते, मणी गाठीला अडतो, फ्लोट मण्याला. हे मी काकांना समजावून सांगितले. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले.

‘‘म्हणजे जी वस्तू घट्ट करायला आपण पाऊण तास घालवला, ती सैलच हवी होती?’’

‘‘हो.’’

‘‘म्हणजे क्लिअरन्स फिटच हवा होता!’’

‘‘हो.’’

‘‘मग ड्रॉइंग कुठंय तुमचं? ड्रॉइंगशिवाय काम सुरू करता?’’

पाऊण तास माझे ऐकून न घेणारा मनुष्य मलाच हे विचारत होता. मी उत्तर देण्याच्या आत काकू स्वतः काठावर आल्या, काय अडले आहे ते पाहिले, पर्समधून शिवणाचा दोरा आणि तुटलेल्या पोतीतला एक काळा मणी काढला, आणि मी वर्णन केलेली गाठ एका दमात मारून दिली. काकांनी तिला व्हर्निअर लावला व मान हलवली. या सगळ्या खटाटोपात पाण्यातल्या दुसऱ्या गळावरची कणीक कोणीतरी खाऊन गेले होते. चिलापी असावी, तिला फिटशी देणेघेणे नसते.

जाताना काकांनी माझा नंबर घेतला. आज सकाळी दाढ भरून घेऊन बाहेर पडलो तेव्हा मोबाइलवर एक चित्र आले होते. फ्लोट, मणी, गाठ आणि वजन यांचे तीन बाजूंनी काढलेले रेखाटन, प्रत्येक मापापुढे टॉलरन्स, म्हणजे चालेल एवढा फरक, आणि खाली उजव्या चौकटीत सुवाच्य अक्षरांत लिहिलेले: ‘टीप : जोडणीसाठी दातांचा वापर करू नये.’